गेला, तर परत उभं राहायचं

नमस्कार.

वृंदावहिनी, सई, साळवी साहेब, आणि ऑफिस, घर, तालमी सगळं टाकून आलेले तुम्ही सगळे. मागे जे उभे आहेत त्यांना खुर्च्या कमी पडल्या, त्याबद्दल सॉरी. पण खरं सांगू, तुम्ही उभे आहात ते बरंय. का ते शेवटी सांगते.

मघाशी मला कोणीतरी विचारलं, किती वेळ बोलणार. मी म्हटलं, माहीत नाही. अशा वेळी शब्द सापडत नाहीत म्हणतात ना, माझं नेमकं उलट झालंय. शेखर गेल्यापासून मी गप्पच बसलेली नाहीये. रिक्षात बोलते, भांडी घासताना बोलते, शेखरशी भांडते. रिक्षावाला आरशातून बघतो. त्यामुळे माझं बोलणं इकडेतिकडे जाईल, आणि मीपण जाईन. माईकची वायर तेवढी लांब आहे, मी आधीच बघून घेतलंय. एका जागी उभं राहून बोलणं मला जमणार नाही. आज तर नाहीच.

माझं नाव मृदुला. कल्याणला राहते. तुमच्यातले बरेच जण मला चेहऱ्याने ओळखत नसतील, कारण मी असायचे तिकडे, तिकीटखिडकीच्या मागच्या खोलीत, कॉम्प्युटरपुढे. ही तुमच्यासमोरची भिंत, जिच्यावर आज पांढरी चादर टाकलीय, ती शेखरने कल्पली आणि मी चालवली. तो म्हणायचा, ‘भिंतीचं डोकं माझं, मेंदू मृदुलाचा.’ मी म्हणायचे, मग बिल कोणाच्या नावावर? तर म्हणायचा, ‘भिंतीच्या.’

आणि हो, त्याचा फोटो दिसत नाहीये म्हणून काही जण मघापासून माना वळवताहेत. पुष्पहार हातात घेऊन आलात, कुठे घालायचा कळत नाही. तिथे टेबलावर ठेवा. साळवी साहेब ह्या नाट्यगृहाच्या समितीचे अध्यक्ष, त्यांनी फार प्रेमाने सुचवलेलं की ह्याच भिंतीवर शेखरचा मोठा फोटो दाखवू या. मी नाही म्हटलं. जरा जोरातच म्हटलं. साहेब, आवाज चढला माझा, पण उत्तर तेच आहे. ह्या भिंतीवर फोटो येत नाही. ह्या भिंतीवर फक्त समोर उभा असलेला माणूस येतो.

ज्यांनी ती चालू असताना पाहिली नाही, त्यांच्यासाठी सांगते. भिंत काळी असते. वर कॅमेरा आहे. तुम्ही समोर येऊन उभे राहिलात आणि हललात नाही, तर हळूहळू तुम्ही भिंतीवर यायला लागता. आधी पाय. मग गुडघे, कंबर, हात, आणि सगळ्यात शेवटी तोंड. पिवळ्या उजेडात. रंगमंचावर उभं राहिल्यासारखे. आणि हललात की संपलं. उजेडाचा भुगा होतो आणि भिंत परत काळी. एकट्याने उभे राहा, पंचवीस जण उभे राहा, ज्याचा तो येतो, ज्याचा तो जातो. भिंत काही साठवून ठेवत नाही. एवढंच आहे. बाकी त्यात वायरी आहेत, त्या माझ्या.

ही कल्पना त्याला कुठून सुचली, तर वैतागातून. त्याचं सगळंच वैतागातून यायचं. तुमच्यातल्या निम्म्या लोकांनी त्याची नेपथ्यं पाहिलीयत, काहींनी त्यांच्यावर कामं केलीयत. डोंबिवलीतल्या त्या शेडमध्ये, जिथे पूर्वी पिठाची गिरणी होती, त्याने किती दिवाणखाने, किती पोलीस चौक्या, किती चाळी उभ्या केल्या. केस पांढरे होईपर्यंत हेच केलं. आणि एक दिवस म्हणाला, ‘मृदुला, आपल्याकडे नाटक उभं राहतं आणि प्रेक्षक बसतो. मला एकदा उलटं करायचंय. प्रेक्षकाला कधी कोणी उजेडात उभं केलंय का गं? तो बिचारा अंधारात येतो, अंधारात बसतो, अंधारात रडतो, आणि दिवे लागले की पार्किंगकडे पळतो.’

मी म्हटलं, पळतो ना? मग तो तुझ्या भिंतीसमोर उभा कशाला राहील?

आणि इथून आमचं भांडण सुरू झालं. ते अजून मिटलेलं नाही.

तुम्हीच सांगा, ठाण्यात ह्या फॉयरमध्ये, नाट्यगृहाच्या ह्या बाहेरच्या दालनात, कोण उभं राहतं? मी महिनोन्महिने त्या खिडकीतून बघितलंय. कोणी तिकिटं शोधतंय. कोणी फोनवर ओरडतंय, ‘अरे, मी नटराजाजवळ आहे, तू कुठेयस?’ आणि दुसरा नटराजाच्या पलीकडे उभा राहून तेच ओरडतोय. कोणी वडा गार व्हायच्या आत संपवतंय. कोणी जाहिरातीच्या कागदाने वारा घेतंय. स्वस्थ कोणी नाही. आपण स्वस्थ उभे राहतो कधी? लिफ्टमध्येसुद्धा बटण परत परत दाबतो.

मी शेखरला म्हटलं, वेळ कमी कर. माणूस समोर आला की पटकन दिसू दे. हात हलवला की काहीतरी उडू दे. लोक खूश होतील.

तो म्हणाला, ‘ते मॉलमध्ये आहे. हात हलवला की फुलपाखरं. सगळीकडे हललं की बक्षीस मिळतं गं. एका ठिकाणी न हलल्याचं मिळू दे.’

मी विचारलं, मग किती वेळ? किती वेळ उभं राहायचं माणसाने?

त्याने सेकंदात सांगितलं नाही. तो म्हणाला, ‘तिसरी घंटा झाल्यापासून पडदा उघडेपर्यंत जेवढा वेळ जातो, तेवढा.’

आता इथे बसलेल्या नाटकवाल्यांना सांगायला नको. पहिली घंटा होते, कोणी हलत नाही. दुसरी होते, लोक चहा घशात ओततात. तिसरी झाली, की आत अंधार होतो, खोकणारे खोकून घेतात, आणि मग तो एक क्षण येतो. पडदा अजून मिटलेला आहे. काहीही होऊ शकतं. सगळं प्रेक्षागृह गप्प. शेखर म्हणायचा, आपल्या माणसांना स्वस्थ राहता येतं, पण फक्त तेवढंच. तेवढंच आपण मागायचं, जास्त नाही.

मी म्हटलं, छान बोललास. आता हे कॉम्प्युटरला कसं सांगू? मग आम्ही आत जाऊन खरोखरची नाटकं बघितली. म्हणजे मी बघितली. तो कधी खुर्चीत बसलाच नाही. शेवटच्या रांगेच्या मागे येरझाऱ्या घालायचा. हातात ती मोजायची टेप, तिचं टक-टक चालू. दोनदा लोकांनी वळून ‘शू’ केलं. वहिनी, तुम्ही हसताय, कारण तुम्हाला माहितीय. हा माणूस ताटावरून उठून पंख्याचा स्क्रू आवळायचा. स्वतःच्या लग्नात सप्तपदीच्या आधी मांडवाचा बांबू सरळ करायला गेलेला, हे तुम्हीच मला सांगितलंय.

अशा माणसाने न हलण्याची भिंत बांधावी! मी त्याला तोंडावर म्हटलंय, अरे, आधी तू उभा राहून दाखव. तर म्हणाला, ‘मी कुठे प्रेक्षक आहे?’

थांबा, पाणी पिते.

आता एक शब्द सांगते. तो नीट ऐका, कारण माझं सगळं त्या शब्दाशी अडलंय.

मी आतल्या खोलीत असायचे. तिथून भिंत दिसत नाही. म्हणून चाचणी करताना बाहेर एक जण भिंतीसमोर उभा राहायचा आणि एक जण फोनवर मला सांगत राहायचा. बहुतेक वेळा सई असायची. ही सई, शेखरची मुलगी. हिची ऑफिसला सुट्टी असली की तो हिला पकडून आणायचा. सई फोनवर म्हणायची, ‘आला… येतोय… आला, आला, गुडघे आले, कंबर… गेला!’ मी आतून विचारायचे, कसा गेला? ‘मावशी, त्याने नाक खाजवलं.’ मग मी म्हणायचे, परत उभं राहायला सांग. दिवसभर आमचं हेच. आला, आला, गेला. गेला? परत उभं राहायला सांग. तिकीटखिडकीवरच्या माणसांनासुद्धा पाठ झालेलं. चहा आला की ते म्हणायचे, ‘आला.’ संपला की, ‘गेला.’

आणि सगळ्यात जास्त वेळा कोण गेला असेल? शेखर. तो उभा राहायचा मोठ्या ऐटीत. पाय यायचे. गुडघे यायचे. आणि तेवढ्यात त्याला भिंतीच्या वरच्या कोपऱ्यात उजेड कमी दिसायचा. की निघाला भिंतीकडे, टेप काढून. सई ओरडायची, ‘बाबा, गेलास!’ इतक्या महिन्यांत शेखर त्या भिंतीवर कमरेच्या वर कधी आलाच नाही.

मग उद्‌घाटन झालं. आता आपल्याकडे उद्‌घाटन म्हणजे काय? समितीने नारळ फोडला. भिंतीच्या कोपऱ्याला हळदकुंकू लावलं. वर झेंडूचं तोरण. माझ्या कॅमेऱ्यात झेंडू! शेखर धावपळीत होता, त्याने लक्ष दिलं नाही. समोर जमिनीवर आम्ही पिवळी पट्टी चिकटवलेली, इथे उभं राहावं म्हणून. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी प्रयोगाला लोक आले. मी खोलीतून बाहेर येऊन बघते तर काय, पट्टीच्या बाहेर चपलांची रांग.

लोकांना वाटलं, देव आहे.

हसा, हसा. मीपण पोट धरून हसले. हळदकुंकू आहे, तोरण आहे, अंधार आहे, पट्टी आहे. मराठी माणूस दुसरं काय समजणार? आणि त्यातल्या एक काकू, नौपाड्यातल्याच, त्या आज आल्यायत, त्या बघा. काकूंनी चपला काढल्या, पट्टीवर उभ्या राहिल्या, हात जोडले, डोळे मिटले. आणि अजिबात हलल्या नाहीत. पाय आले. साडीच्या निऱ्या आल्या. जोडलेले हात आले. चेहरा आला. पहिल्यांदा एक पूर्ण अनोळखी माणूस त्या भिंतीवर उभा राहिला. मागच्या लोकांच्या तोंडून आवाज निघाला. सगळ्यांनी बघितलं. फक्त काकूंनी नाही, त्यांचे डोळे मिटलेले.

शेखर जिन्यावर होता. तो तिथून ओरडत सुटला, ‘काकू, डोळे उघडा! काकू, आलात, आलात!’ काकू दचकल्या, वळल्या. आणि हा सगळ्यांसमोर कपाळावर हात मारून म्हणतो, ‘अरेरे, गेलात!’

काकूंनी त्याला असं झापलं! ‘गेले म्हणजे? मी कुठे गेले? ही काय धडधाकट उभी आहे तुझ्यासमोर. जीभ सांभाळून बोल.’

काकू, तो तुमच्यावर जाम खूश होता. साळवी साहेबांनी बोर्ड लावायला सांगितला, इथे चपला काढू नयेत. शेखर म्हणाला, लावू नका. मला म्हणाला, ‘चपला काढलेला माणूस लगेच पळत नाही गं. त्याला आधी चपला शोधाव्या लागतात.’ आज आत येताना मी बघितलं, काकूंनी आजसुद्धा चपला पट्टीच्या बाहेर काढल्यायत.

पण तेवढंच. बाकी लोक उभे राहिले नाहीत. मी उगाच गोड बोलणार नाही. तोरण काढलं, हळदकुंकू पुसलं, आणि लोक भिंतीसमोरून जायला लागले. काही जण थांबायचे, पाय येईपर्यंत, मग फोन वाजायचा. काही जणांनी मला खिडकीशी येऊन विचारलं, टीव्ही बंद पडलाय का. आणि साळवी साहेबांचं म्हणणं सुरू झालं. साहेब, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, तुमच्या जागी मी असते तर हेच म्हटलं असतं. मी शेखरला हेच म्हणत होते! साहेब म्हणाले, एक तर वेळ कमी करा, नाहीतर भिंतीवर पुढच्या प्रयोगांच्या जाहिराती लावू. ठाण्यात माणूस स्वस्थ उभा राहत नाही. हे त्यांचं वाक्य.

शेखर चिडला. आणि चिडला की तो काहीतरी भलतंच कबूल करायचा. तो म्हणाला, ‘साहेब, ठाण्यातला राहू द्या, मी डोंबिवलीचा. मी उभा राहून दाखवतो. मी जर पूर्ण आलो, तर वेळ आहे तेवढाच राहील. मी उभा राहू शकतो तर कोणीही राहू शकतं, हे तरी मान्य कराल?’

साहेब हसून म्हणाले, मान्य.

मला वाटलं, संपलं. हरलो आपण. कोणावर पैज लावली, तर शेखरवर!

तो उभा राहणार होता त्याच्या आदल्या दुपारी आम्ही खोपटच्या एसटी स्टँडवर होतो. एका गाडीतून कॅमेऱ्याचा सुटा भाग यायचा होता, तो घ्यायला. एसटी काही येत नव्हती. हा फलाटावर ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी म्हटलं, अरे, उद्या कसा उभा राहणार आहेस तू? कशाला असली कबुली देतोस? तेव्हा तो पहिल्यांदा थांबला. म्हणाला, ‘तुला काय वाटतं, मी ती तिसरी घंटा कुठून आणली? अगं, मी विंगेत उभा असतो ना, तिसऱ्या घंटेनंतर, तेव्हा मी हलत नाही. आपण बांधलेलं सगळं बाहेर अंधारात उभं असतं. आता काही आवळता येत नाही, काही सरळ करता येत नाही. तेवढाच वेळ मी स्वस्थ असतो. पडदा उघडला की परत धावायला लागतो. तेवढा वेळ मला रोज मिळाला असता तर मी किती शहाणा माणूस झालो असतो.’

आणि मग एसटी आली आणि तो धावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी. हे मला सांगायचंच आहे, म्हणून तर मी आले. सकाळी साळवी साहेब ह्या फॉयरमध्ये, साधारण तिथे, चहा घेत बसलेले. मी आतल्या खोलीत. भिंत चालू. शेखर आणि सई डोंबिवलीहून तिच्या गाडीने निघालेले, माणकोलीच्या पुलावरून. मी वाट बघत होते की कधी येतात, कधी हा उभा राहतो. फोन वाजला. सईचा नंबर. मला वाटलं, पोचले. नेहमीसारखी ती बाहेर भिंतीसमोर उभी आहे, आणि शेखर पट्टीवर.

सई म्हणाली, ‘मृदुलामावशी… बाबा गेला.’

आणि मी… मी म्हटलं, ‘मग परत उभं राहायला सांग. साळवी साहेब बसलेत.’

मीच पुढे विचारलं, ‘हॅलो? कमरेपर्यंत तरी आला का?’

मग ती म्हणाली, ‘मावशी, तसा नाही गेला.’

माजिवड्याच्या अलीकडे त्याच्या छातीत कळ आली. सईने गाडी तशीच हॉस्पिटलला नेली. फार वेळ मिळाला नाही.

सई, बाळा, तू मला सांगितलंयस की त्याचं मनाला लावून घेऊ नकोस. मी लावून घेतलंय. पण मला आणखी एक सांगू दे. महिनोन्महिने आपण तो शब्द इतक्या वेळा वापरला, की त्यातलं मरण निघून गेलेलं. गेला म्हणजे नाक खाजवलं. गेला म्हणजे फोन वाजला. गेला म्हणजे काही नाही, परत उभं राहायचं. एका फोनमध्ये तो शब्द होता तसा झाला. मला त्या शब्दाचा राग येतो. घरी कोणी ‘लाइट गेली’ म्हटलं तरी मी उठून दुसऱ्या खोलीत जाते.

मी खोलीतून बाहेर आले. साळवी साहेबांनी विचारलं, ‘आला का?’

मला ‘गेला’ म्हणता येईना. मी म्हटलं, ‘नाही येणार.’ माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांना कळलं. ते उठून उभे राहिले.

साहेब, आता मी तुम्हाला जे सांगतेय ते तुम्हाला माहीत नाही. कोणालाच माहीत नाही. तुम्ही उभे राहिलात. हातात चहाचा कप तसाच. काय करावं तुम्हाला कळत नव्हतं. तुमचं तोंड भिंतीकडे, पण नजर कपात, आणि मी भिंतीकडे बघत होते, कारण तुमच्याकडे बघवत नव्हतं. तुम्ही पट्टीवर उभे होतात, साहेब. तुमचे बूट आले. पँट आली. कप आला. बशीसुद्धा आली. मग तुमचा चेहरा आला. असा चेहरा मी तुमचा मीटिंगमध्ये कधी बघितला नव्हता. पूर्ण आलात तुम्ही. मग मटकन खाली बसलात आणि भिंत काळी झाली.

ठाण्यात माणूस स्वस्थ उभा राहत नाही म्हणालात ना? तुम्ही राहिलात. शेखरसाठी राहिलात. माणूस उभा राहतो, साहेब. काहीतरी आत व्हावं लागतं, मग राहतो. शेखर हेच सांगत होता आणि मी, त्याची पार्टनर, रोज त्याला म्हणत होते, वेळ कमी कर.

आज ही सभा संपली की त्या वरच्या खोलीत समिती बसणार आहे. विषय भिंत. वेळ कमी करायचा की जाहिराती लावायच्या. मला त्यात बोलायचा अधिकार नाही. म्हणून इथे बोलतेय. शोकसभेत असलं बोलू नये, असं काहींना वाटत असेल. वाटू दे. शेखरने मुंजीच्या पंगतीतसुद्धा नेपथ्याचं काम मिळवलेलं आहे.

परवा तेराव्याला मी घरी गेले. वृंदावहिनी मला बाल्कनीत घेऊन गेल्या. वहिनी, बोलू ना? मान हलवा. हं. वहिनी म्हणाल्या, ‘मृदुला, एवढ्या महिन्यांत तो कितीदा उभा राहिला असेल त्या भिंतीसमोर. त्यातलं काही आहे का गं तुझ्याकडे? मला एकदा दाखव.’

मी सांगितलं, वहिनी, ती भिंत काही ठेवत नाही. त्यानेच ठरवलेलं, ठेवायचं नाही म्हणून. आणि ठेवलं असतं तरी तो कमरेच्या वर कधी आला नाही.

वहिनी म्हणाल्या, ‘पाय दिसले असते तरी चाललं असतं.’

मला बोलता आलं नाही, मला! मी कल्याणपर्यंत रिक्षात गप्प बसून गेले. आणि उतरताना ठरवलं, की फोटो लावायचा नाही. हार घालायचा नाही. वहिनींना मी त्याचे पाय दाखवू शकत नाही. पण त्याने जे बांधलं ते चालतं, एवढं दाखवू शकते.

सई, ती चादर काढ.

थँक्यू, बाळा.

भिंत चालू आहे. वेळ आहे तेवढाच ठेवलाय, मी एका सेकंदानेसुद्धा कमी केलेला नाही. ही जी शांतता आपण पाळायची असते ना, ती मला आज तुमच्याकडे मागायची आहे, पण त्याच्या पद्धतीने. जे बसलेत त्यांनी उठा. खुर्च्या हळू सरकवा. मागचे, या पुढे, तुम्ही उभेच होतात. पट्टीपाशी या. ज्यांना चपला काढायच्या आहेत त्यांनी काढा, शेखरची हरकत नव्हती. काकू, तुम्ही या वेळी डोळे उघडे ठेवा. साळवी साहेब, या, तुमची जागा तुम्हाला माहितीय. आत रंगमंचावर पवार घंटेपाशी उभे आहेत. ते तीन घंटा देतील. पहिल्या दोन घंटांत खोकून घ्या, पदर सारखे करा, फोन बंद करा. तिसरी झाली की हलायचं नाही. माईक ठेवून मीपण उभी राहणार आहे. मला जमेल की नाही, देव जाणे.

वहिनी, तुम्ही इथे मध्ये या. तुमच्या शेजारी एक जागा मोकळी ठेवू या.

आत्ता भिंतीवर आपण सगळे येऊ. आधी पाय येतील. ती मोकळी जागा काळीच राहील. मी तुम्हाला उगाच काही सांगणार नाही, तो येणार नाही. पण वहिनी, ती भिंत हलणाऱ्या माणसाला दाखवत नाही. चाचणीत कितीदा तरी तो इथेच असायचा, ह्याच फॉयरमध्ये, वायरी उचलत, टेप टकटकवत, आणि भिंतीवर दिसायचा नाही. सगळे दिसायचे, तोच नाही. त्यामुळे आज ती जागा काळी राहिली, तर मला फार वेगळं काही वाटणार नाही. माझी त्याला तसंच बघायची सवय आहे.

शेखर, ही मंडळी उभी आहेत रे. बघ.

आणि मध्ये कोणाला हुंदका आला, कोणी डोळे पुसायला हात उचलला, आणि गेलं, तर घाबरू नका. परत उभं राहायचं.

पवार, पहिली घंटा द्या.